जुळाऱ्याची विद्या

छापलेले पुस्तक हाती आले म्हणजे आपण लेखकाचे नाव वाचतो, प्रकाशकाचे वाचतो, किंमत पाहतो आणि मग आत शिरतो. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव छापणे भाग पाडले, म्हणून तेही एखाद्या कोपऱ्यात सापडते. परंतु ज्याने एकेक अक्षर उचलून ते पान उभे केले, त्या जुळाऱ्याचे नाव कायद्याने कधी मागितले नाही आणि पुस्तकांनी सहसा दिले नाही. या नाव नसलेल्या माणसाच्या विद्येचा विषय आज आम्ही मांडणार आहोत. मराठी अक्षरे जुळवण्याची विद्या कोणाच्या हातांत वाढली, ती कामगाराच्या हातून कशी सुटली, आणि आज ती पुन्हा हाती घ्यावयाची झाल्यास प्रारंभ कोठून करावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही पंडित नव्हे. शाळेत थोडे शिकलो आणि छापखान्यातील खिळ्यांच्या केसीपुढे पुष्कळ शिकलो. पुढे संघटनेच्या कामात पडलो, ते आजतागायत. तेव्हा इतिहासाकडे आम्ही पाहणार ते कामगाराच्या बाजूने, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

सहाशे साच्यांचा प्रश्न

हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो गोव्यात, १५५६ साली. मराठी मुलखाच्या इतक्या जवळ यंत्र येऊनही मराठी अक्षरे त्यावर चढली नाहीत. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याची भाषा मराठी, पण लिपी रोमन. असे का झाले? खुद्द स्टीफन्स यांनीच १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याचे उत्तर आहे. या देशाची पुस्तके या देशाच्या लिपीत छापावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु आपल्या चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशेच्या घरात साचे करावे लागतील, ही अडचण त्यांनी त्या पत्रात सांगितली.

हा सहाशेचा आकडा कोठून आला, हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो. आपल्या लिपीत 'क' हे एक अक्षर. पण त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागले की त्याचे रूप बदलते. दुसऱ्या व्यंजनाशी जोडले की पुन्हा निराळे. रफार डोक्यावर चढतो, उकार पायाशी लोंबतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने मागून येते पण लिहिताना पुढे बसते. कागदावर बोरूने लिहिणाऱ्याला यात काहीच अवघड नाही. परंतु शिशाचा खिळा चौकोनी असतो. त्याच्या शेजारी दुसरा चौकोनी खिळा बसतो. वर-खाली, पुढे-मागे जाणारे चिन्ह त्या चौकोनात कोठे बसवावयाचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय मराठी छपाई सुरू होणे शक्य नव्हते.

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी १६७४ साली इंग्लंडाहून एक मुद्रक आणवला. त्याला छापता येत होते. पण आपल्या अक्षरांचे खिळे ओतता येत नव्हते, आणि तो उद्योग तेथेच थांबला. यंत्र विकत मिळते, अक्षर विकत मिळत नाही, ते कोणाला तरी हाताने कोरावे लागते, हा पहिला धडा सुरतेने दिला.

एक साल, दोन वाटा

१८०५ हे साल आपल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. गीता छापावी असे मूळ नाना फडणिसांच्या मनात होते, आणि पुण्यातील एका तांबटाला अक्षरे कोरण्याची विद्या मिळाली होती, असे सांगतात. नाना गेले, तांबटाला मिरजेने आश्रय दिला. त्याने तांब्याच्या पत्र्यावर पानेच्या पाने उलटी कोरली आणि त्यांवरून गीता उतरवली. भांडी घडवणाऱ्या हाताने गीता छापली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात, विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले. त्यात देवनागरीचे सुटे खिळे वापरले होते. हे खिळे कोरण्याची परंपरा पंचानन कर्मकार यांची. कर्मकार म्हणजे लोहार. १७७८ साली विल्किन्स यांच्याबरोबर बंगाली खिळे घडवण्यात त्यांचा हात होता, आणि पुढे श्रीरामपुरास त्यांनी व त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांनी अनेक लिप्यांचे खिळे घडवले. कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश तर मोडी खिळ्यांत छापलेला आहे.

मिरजेची वाट आणि श्रीरामपूरची वाट यांत फरक कोणता? मिरजेचा पत्रा सुंदर असेल, पण त्यावर जे पान कोरले तेच त्यावरून निघणार. गीता झाली की पत्रा अडगळीत. श्रीरामपूरचा खिळा मात्र काम झाले की सुटतो, केसीत आपल्या खणात परत जातो, आणि उद्या दुसऱ्या पानात कामास येतो. आज व्याकरण, उद्या कोश, परवा शाळेचे पुस्तक. खिळा सुटतो यातच त्याचे सामर्थ्य आहे. जे जुळवले ते सोडता आले पाहिजे आणि पुन्हा जुळवता आले पाहिजे. हा सिद्धांत आम्ही पुढे पुन्हा वापरणार आहोत, म्हणून तो येथे नीट बांधून ठेवतो.

खिळे घासणारा मुलगा

मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला, आणि १८१७ पासून तेथून मराठी छपाई होऊ लागली. या छापखान्याने पुस्तके काढली, त्याहूनही मोठे काम म्हणजे त्याने माणसे शिकवली. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातील गृहस्थ तेथे काम शिकले, आणि मग घरी स्वतःच्या हिकमतीने दगडावरचा छापखाना त्यांनी उभा केला. १८३१ साली त्यांनी पहिले मराठी पंचांग छापले. पुढे खिळ्यांचे साचेही स्वतः कोरले. त्याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या हलक्या कामावर एक गरीब मुलगा लागला. त्याचे नाव जावजी दादाजी. त्यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी त्या खिळ्यांची अक्षरे कोरली. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके देशोदेशीच्या पंडितांच्या मेजावर गेली. त्या अक्षरांचे वळण आजही शुद्ध देवनागरीचा नमुना म्हणून दाखवतात.

तांबट, लोहार, भंडारी, खिळे घासणारा मुलगा. ज्या लिपीला आपण देवनागरी म्हणतो तिला छपाईचा देह दिला तो या हातांनी.

आणि छापण्याची विद्या सुलभ होताच ती श्रमिकांच्या कामी आली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. त्याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. मुकुंदराव पाटील यांनी तर १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून, पुढे तरवडीहून, 'दीनमित्र' चालवले. शहरावाचून वृत्तपत्र चालत नाही असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. चार केसी, एक यंत्र आणि दोन जाणते हात असले की खेडेही बोलू शकत होते.

केसीपुढचे काम

हे जाणते हात करीत काय, ते नव्या पिढीला माहीत नाही, म्हणून थोडे सांगतो. इंग्रजी जुळाऱ्याचे काम दोन केसींत भागे; मराठी जुळाऱ्यापुढे चार-चार केसी मांडलेल्या असत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांतून फिरतो. अक्षरे उलटी, पायाकडून डोक्याकडे वाचावयाची. ओळ भरत आली की ती स्टिकमध्ये घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर फर्मा उचलताना खिळे गळतात, जास्त झाली तर बसतच नाही. मग जुळारी शब्दांमधल्या जागा कमीजास्त करतो. येथे पातळ पट्टी काढ, तेथे जाड घाल. शब्द तोडावयाचा तर कोठे, हेही तोच ठरवतो. ओळी गॅलीत जातात, प्रूफ निघते, चुका सुधारतात, पान बांधले जाते. छापून झाले की खिळे पुन्हा खणांत. सारा दिवस उभ्याने, आणि बोटांना शिसे. खिळ्याची धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. त्यातले शिसे अंगात भिनते, हे मालकांना ठाऊक होते आणि कामगारांनाही.

या विद्येला दोन गोष्टी लागत: भाषेचे ज्ञान आणि जागेचे ज्ञान. लेखकाने 'स्थिति' लिहिले की 'स्थिती', हे जुळाऱ्याच्या नजरेतून सुटत नसे. आम्ही पाहिलेले कित्येक जुळारी चौथी-पाचवी शिकलेले होते आणि शुद्धलेखनात पदवीधरांचे कान पकडीत होते.

यंत्र आले, माणूस गेला

१८८६ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र चालू झाले. चाव्या दाबल्या की शिशाची अख्खी ओळ ओतून बाहेर पडे. इंग्रजीला ते मानवले. देवनागरीला मात्र त्या यंत्राच्या ९० चाव्या कशा पुरणार? टिळकांपासून अनेकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी आणि काका कालेलकरांनी 'अ'चीच बाराखडी लिहावी असे सुचवले. १९३० नंतर हरी गोविल यांच्या प्रयत्नाने देवनागरी लायनोटाइप आले. या सर्वांचा हेतू चांगलाच होता, पण त्या काळी यंत्राला लिपी शिकवण्याऐवजी लिपीला यंत्राच्या मापाने कापण्याचा विचार बळावला, हेही नमूद केले पाहिजे. बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या सगळ्या धडपडीचा हिशेब सापडतो.

पुढे शिसेच गेले. परदेशात हा बदल कसा झाला ते कामगारांनी मुद्दाम वाचावे. न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९६२ पासून ११४ दिवस जुळाऱ्यांचा संप चालला. बर्ट्राम पॉवर्स हे त्यांचे पुढारी, आणि नव्या यंत्रांनी कामे जाणार ही त्यामागची मोठी धास्ती. यंत्र तर थांबले नाही, परंतु १९७४ च्या करारात संघटनेने यंत्राला संमती देण्याच्या बदल्यात असलेल्या जुळाऱ्यांना आजन्म नोकरीची हमी मिळवली. लंडनला निराळे घडले. जानेवारी १९८६ मध्ये मरडॉक यांनी आपली वृत्तपत्रे एका रात्रीत वॅपिंगच्या नव्या कारखान्यात हलवली आणि सुमारे ५,५०० कामगार रस्त्यावर आले. एकच यंत्र, एका ठिकाणी करार झाला, दुसऱ्या ठिकाणी करार झाला नाही.

आपल्याकडच्या लहान छापखान्यांतून तर ना संप झाला ना करार. आम्ही ज्या छापखान्यात जुळारी होतो तेथे संगणक आला, तेव्हा सहा जुळाऱ्यांपैकी एकालाही ते यंत्र शिकवावे असे कोणास वाटले नाही. केसी वजनावर भंगारात गेल्या. खिळे वितळले, त्याचे आम्हांस दुःख नाही. परंतु ओळ कोठे तोडावी आणि पान कसे बांधावे हे ज्या डोक्यांत होते, ती डोकीही त्याबरोबर भंगारात काढली गेली. पुढची पंधरावीस वर्षे मराठी पत्रके आणि लग्नपत्रिका ज्या कशाबशा निघाल्या, त्याचे कारण हेच आहे.

आणखी एक नुकसान झाले, ते उशिरा ध्यानात आले. त्या काळच्या मराठी संगणकलिप्या ज्याच्या त्याच्या निराळ्या होत्या. एका कंपनीच्या फाँटात लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे. १९९१ साली सरकारी मानकही ठरले आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला एकेक क्रमांक देणारी युनिकोड पद्धतही निघाली. पण व्यवहारात युनिकोड रुळायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळातील कामगार संघटनांची इतिवृत्ते, करार आणि मागणीपत्रे आज अशा फायलींत अडकली आहेत की फाँट नसेल तर वाचता येत नाहीत. मिरजेच्या पत्र्याचीच ही दुसरी आवृत्ती: जे जुळवले ते सोडता येत नाही.

एका गणितज्ञाची चीड

ज्या वर्षी, १९७८ साली, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शिशाचे खिळे कायमचे बंद केले, त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ या प्राध्यापकाने 'टेक' नावाच्या प्रणालीची पहिली आवृत्ती तयार केली. कथा अशी की, त्यांच्या एका ग्रंथाची पहिली आवृत्ती जाणत्या जुळाऱ्यांनी शिशात बांधली होती. १९७७ साली दुसऱ्या आवृत्तीची प्रुफे नव्या यंत्रावरून आली, ती पाहून त्यांना चीड आली. त्यांनी जुन्या कारागिरांची पुस्तके अभ्यासली आणि जुळाऱ्याचे शहाणपण नियमांच्या रूपाने लिहून काढण्याचे ठरवले. वर्षभराचे काम म्हणून हाती घेतले, ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. आणि झाल्यावर त्यांनी ते जगाला फुकट देऊन टाकले. चूक दाखवणाऱ्यास मात्र ते पदरचे पैसे देत.

आम्ही टेकची अंतर्रचना प्रथम समजून घेतली तेव्हा आम्हांस आपली केसच पुन्हा भेटली. तेथेही प्रत्येक अक्षर एक चौकट आहे. चौकटींच्या मधे जी जागा, तिला क्नूथ 'डिंक' म्हणतात. ही जागा किती ताणावी, किती आकसावी, याचे माप ठरलेले. स्टिकमध्ये पातळ-जाड पट्ट्या घालणारा जुळारी हेच करीत होता. फरक एवढा की, जुळारी एकेक ओळ बसवी, आणि टेक संपूर्ण परिच्छेद एकदम पाहून कोणती ओळ कोठे तोडल्यास सगळे पान सारखे दिसेल ते ठरवते.

टेकवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात 'लाटेक' हा सोपा थर चढवला. देवनागरीसाठी १९९१ साली हॉलंडातील फ्रान्स फेल्टहाउस यांनी पहिला उपयोगी मार्ग काढला, पण त्यात मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे, म्हणजे पुन्हा 'क्रिस्तपुराणा'चीच तऱ्हा. २००४ साली जोनाथन क्यू यांनी 'झीटेक' काढले आणि युनिकोडमधील मराठी जशी लिहिली तशी जुळू लागली. सहाशे साच्यांचा प्रश्न अखेर असा सुटला: लिहिणाऱ्याने व्यंजन, हलन्त, स्वर हे क्रमाने द्यावेत, आणि जोडाक्षर बांधणे, रफार चढवणे, वेलांटी पुढे आणणे हे फाँटाने आणि यंत्राने करावे. लिपीला कापण्याची गरज उरली नाही.

प्रारंभ कसा करावा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. 'टेक लाइव्ह' नावाचा संपूर्ण संच फुकट मिळतो. त्याला परवाना नको, वार्षिक वर्गणी नको. तो मोठा आहे, म्हणून एकाने उतरवून घ्यावा आणि दहा जणांनी त्यावरून बसवावा. फाँटही फुकट आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेला 'शोभिका' हा त्यांपैकी एक चांगला.

मग एक साधी मजकुराची फाइल उघडावी. पहिल्या ओळीत कागदाचा वर्ग सांगावयाचा, म्हणजे हा लेख आहे की पुस्तक. प्रत्येक आज्ञा उलट्या तिरक्या रेघेने सुरू होते आणि आज्ञेचे शब्द इंग्रजी असतात. पण ते मोजके आहेत, आणि 'स्टिक' व 'गॅली' हे शब्दही जुळाऱ्यांनी असेच पचवले होते. दुसऱ्या ओळीत 'फाँटस्पेक' हे पॅकेज मागवावयाचे. तिसऱ्या ओळीत फाँटाचे नाव द्यावयाचे, आणि त्याबरोबर लिपी देवनागरी आहे हेही सांगावयाचे. ही लिपीची सूचना विसरू नये. ती नसेल तर जोडाक्षरे तुटतात, आणि 'कार्यकर्ता' या शब्दाचे रफार जागा सोडून बसतात. त्यानंतर 'बिगिन डॉक्युमेंट' आणि 'एन्ड डॉक्युमेंट' या दोन आज्ञा, आणि त्यांच्यामधे आपला मजकूर. प्रथम एकच वाक्य लिहावे. सबंध मागणीपत्र पहिल्याच दिवशी घालू नये.

फाइल साठवून 'झीलाटेक'ला ती जुळवावयास सांगावी; यालाच कंपाइल करणे म्हणतात. सगळे ठीक असल्यास छापण्याजोगे पान तयार होते. ठीक नसल्यास यंत्र थांबते आणि अडलेल्या ओळीचा आकडा सांगते. नवा माणूस येथे घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. हे प्रूफ आहे. चुकांची यादी लांबलचक दिसली तरी पहिलीच चूक पाहावी, कारण पुढच्या पुष्कळ चुका तिच्याच पोटच्या असतात. बहुधा एखादा महिरपी कंस मिटलेला नसतो, किंवा आज्ञेचे स्पेलिंग चुकलेले असते. ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. एखादी ओळ समासाबाहेर डोकावली तर यंत्र तेही सांगते, आणि किती डोकावली त्याचे माप देते.

दोन गोष्टी कामगार कार्यकर्त्यांनी विशेष जपाव्यात. पहिली, टक्क्याचे चिन्ह. या प्रणालीत ते चिन्ह आले की त्या ओळीतील पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही. तो लेखकाची खासगी टीप समजून सोडून देते. 'पगारात दहा टक्के वाढ, मागील थकबाकीसह' ही मागणी चिन्ह वापरून लिहिली, तर थकबाकी पानावर येणारच नाही आणि यंत्र चूकही दाखवणार नाही. म्हणून चिन्हापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी, नाहीतर सरळ 'टक्के' असे अक्षरांत लिहावे.

दुसरी गोष्ट कलमांच्या क्रमांकांची. आमच्या पाहण्यातला एक करार असा आहे की, शेवटच्या बैठकीत मधे एक कलम वाढले, पुढच्या कलमांचे आकडे सरकले, पण 'कलम १४ प्रमाणे' हे संदर्भ व्यवस्थापनाच्या कार्यालयातून जुनेच टंकून आले. भत्त्याचे कलम म्हणून ज्याचा हवाला दिला, ते रजेचे कलम निघाले, आणि कामगार दीड वर्ष भत्त्यासाठी खेटे घालीत राहिले. लाटेकमध्ये कलमाला आकडा द्यावयाचा नसतो, खुणेचे नाव द्यावयाचे असते. आकडे यंत्र घालते आणि संदर्भही तेच जुळवते. त्यासाठी मात्र फाइल दोनदा कंपाइल करावी लागते. पहिल्या फेरीत यंत्र कोणते कलम कोठे आले ते एका बाजूच्या फाइलीत टिपून ठेवते, दुसऱ्या फेरीत ते वाचून संदर्भ भरते. पहिल्या फेरीनंतर आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर यंत्र बिघडले असे समजू नये. आणखी एकदा चालवावे.

आणि हे सगळे ज्या फाइलीत आहे ती साधी मजकुराची फाइल असते. ती कोणत्याही यंत्रावर उघडते. उद्या टेक नाहीसे झाले तरी मजकूर वाचता येईल. श्रीरामपूरचा सुटणारा खिळा येथे परत आला आहे.

हत्यार आणि मजुरी

कोणी म्हणेल, हत्यार फुकट मिळाले, आता संघटनेचे काम काय? तसे मात्र नाही. टेकचा प्रसार आपल्या देशातही झाला. १९९८ साली तिरुवनंतपुरमला भारतीय टेक वापरणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. परदेशी प्रकाशकांची पुस्तके आणि नियतकालिके आज भारतात मोठ्या प्रमाणावर जुळवली जातात. ते जुळवणारेही पडद्यापुढचे जुळारीच आहेत. त्यांचेही नाव पुस्तकावर नसते, आणि पानामागे दर ठरवताना त्यांच्या बाजूने बोलणारा फारसा कोणी नसतो. हत्यार मोफत झाले म्हणून मजुरी आपोआप न्याय्य होत नाही. न्यूयॉर्क आणि लंडन यांत फरक पडला तो यंत्रामुळे पडला नाही, हे आपण पाहिलेच.

पाटण तालुक्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. येथील पोरे पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत राबली, गोद्यांतून आणि बाजारांतून डोक्यावर ओझी वाहिली. त्या ओझे वाहणाऱ्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला, तेव्हा ज्या श्रमाला कोणी धंदा मानीत नव्हते त्याला नोंदणी मिळाली, नाव मिळाले. नाव नोंदले गेले की हक्क मागता येतो. नोंदच नसेल तर मागणार कशाच्या आधारे?

आमची सूचना लहान आहे. पाटणसारख्या गावातील वाचनालयाने एका संगणकावर हा संच बसवावा, आणि महाविद्यालयातील दोन-चार मुलामुलींनी तो शिकून इतरांना शिकवावा. आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला आणि त्याचे मुद्रणालयही तेथेच उभे राहिले. तेवढे मोठे काम आपल्याने होणार नाही. पण जुन्या फाँटांत अडकलेली संघटनांची, सोसायट्यांची, शाळांची इतिवृत्ते बाहेर काढून साध्या मजकुरात लिहून घेणे आणि नीट पाने बांधणे, एवढे होण्यासारखे आहे. ज्यांनी ती इतिवृत्ते लिहिली त्यांतले काही अजून हयात आहेत. अडलेले शब्द विचारता येतील तोवर हे काम उरकले पाहिजे.

आणि त्यांतले पहिले पुस्तक निघेल तेव्हा शेवटच्या पानावर एक ओळ जास्त घालावी. त्यासाठी निराळी आज्ञा लागत नाही. 'जुळणी' असे लिहून पुढे ज्याने ते पान जुळवले त्याचे पूर्ण नाव द्यावे.